चित्र एका वाटेने, आवाज दुसऱ्या वाटेने



गेल्या वीस-पंचवीस वर्षांत टीव्हीचा संच कसा रोडावत गेला, हे तुम्ही आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. पूर्वी तो उचलायला दोन माणसे लागत. आता तो तसबिरीसारखा खिळ्याला टांगतात. चित्र मोठे झाले, स्वच्छ झाले, रंग उजळले. पण घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा. "आवाज येतो रे, पण शब्द लागत नाहीत," असे ती सांगतील. तक्रार खरी आहे, आणि दोष त्यांच्या कानांचाच आहे असे नाही. आवाज घुमायला जागा लागते. बोटभर जाडीच्या संचात ती जागा उरलेली नाही. त्यातले दोन चिमुकले स्पीकर बहुधा खालच्या कडेला किंवा पाठीमागे बसवलेले असतात. म्हणजे संच तुमच्याकडे तोंड करून उभा, आणि बोलतो मात्र भिंतीशी!

याला उपाय आहे. टीव्हीचा आवाज तारेने बाहेर काढावयाचा आणि वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरला, ज्याला शहरात होम थिएटर म्हणतात त्याला, जोडावयाचा. आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या प्राध्यापकाने हे तारा जोडण्याचे काम कशाला हाती घ्यावे? त्याचे कारण असे की ही तार आजची नाही. चित्र आणि आवाज ही भावंडे खरी, पण ती जन्मापासून वेगवेगळ्या वाटांनी चालत आली आहेत. दर पिढीत कोणाला तरी त्यांची गाठ घालून द्यावी लागली आहे, आणि ती बहुतेक वेळा शेवटच्या रांगेत बसणाऱ्यासाठी घालावी लागली आहे.

प्रथम चित्र आले, तेही मुके. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांपुढे आला, तेव्हा पडद्यावरचा हरिश्चंद्र ओठ हलवी आणि त्याचे म्हणणे पाटीवर लिहून येई. त्या काळच्या खेळांत पडद्याजवळ पेटी-तबलावाले बसत. ज्याला अक्षरओळख आहे तो पाट्या मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. म्हणजे मुक्या चित्रपटाचे घर मुके नव्हते. आवाज होताच, फक्त तो पडद्यातून न येता पडद्याशेजारच्या माणसांच्या गळ्यातून आणि हातांतून येत होता.

मग १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' बोलला, आणि पुढच्याच वर्षी कोल्हापुरात प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' मराठीतून बोलविला. हरिश्चंद्राचीच कथा, पण आता हरिश्चंद्र स्वतः बोलत होता. आपल्याला वाटते की येथे चित्र आणि आवाज एक झाले. तसे झाले नव्हते, आणि यातच मोठी गंमत आहे. बोलपटाच्या फितीवर चित्रांच्या चौकटींची रांग असते आणि तिच्या कडेला आवाजाची एक नागमोडी रेघ असते. पण एखाद्या चौकटीतला माणूस जो शब्द उच्चारतो, तो शब्द त्याच चौकटीच्या शेजारी नसतो! तो सुमारे वीस चौकटी पुढे असतो. कारण यंत्रात चित्र दाखवणारा दिवा एका ठिकाणी आणि आवाजाची रेघ वाचणारा दिवा त्याच्यापासून वीतभर अंतरावर. चित्राला क्षणभर थबकत, एकेक चौकट करीत पुढे जावे लागते. आवाजाला थबकलेले चालत नाही, त्याला सरळ वाहावे लागते. दोघांच्या चाली निराळ्या, म्हणून जागा निराळ्या. सेकंदाला २४ चौकटी, तेव्हा वीस चौकटी म्हणजे जवळजवळ एका सेकंदाचा फरक. तुटलेली फीत चिकटवून चालकाने ती यंत्रात घालताना तिचा फेर लहान-मोठा केला, की नायिकेचा शब्द खलनायकाच्या तोंडी जाई.

आपल्या भागातल्या जत्रांतून फिरते तंबू थिएटर येत असे, ते आठवणारी माणसे अजून गावोगाव आहेत. तंबूत यंत्र एका टोकाला, पडदा दुसऱ्या टोकाला. आवाज फितीवरून वाचला जाई यंत्राजवळ, पण स्पीकर असे पडद्याच्या मागे. म्हणजे एक लांब तार प्रेक्षकांच्या कडेकडेने टाकावी लागे. एवढा खटाटोप कशासाठी? स्पीकर यंत्राजवळच ठेवला असता तर तार वाचली असती. पण माणसाचा कान आणि डोळा एकमेकांना धरून चालतात. तोंड समोर हलताना दिसावे आणि शब्द पाठीमागून यावेत, हे मनाला पटत नाही. अर्धे लक्ष त्यातच जाते. ही गोष्ट तंबूवाल्याला पुस्तक न वाचता ठाऊक होती. आज घरात हजारो रुपयांचे होम थिएटर आणून त्याचा मुख्य स्पीकर सोयीसाठी कपाटावर, दाराआड ठेवणाऱ्यांना मात्र ती सांगावी लागते!

आता दुसरे भावंड पाहू, म्हणजे चित्रावाचून आलेला आवाज. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला. नीरेच्या अलीकडच्या आपल्या गावांच्या दृष्टीने पुणे केंद्र म्हणजे शेजारच्या आळीतला आवाज. पण केंद्र बोलले म्हणजे खेडे ऐकते असे नाही. संच महाग, आणि वीज कित्येक गावांत नव्हतीच. म्हणून सार्वजनिक संच बॅटरीवर चालत, आणि ते चावडीत, शाळेत किंवा देवळाच्या ओट्यावर ठेवलेले असत.

१९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. त्याची कथा शिक्षकांनी अवश्य वाचावी, कारण जगभरच्या ग्रामीण नभोवाणीच्या अभ्यासात तिचे नाव निघते. त्या वेळच्या मुंबई राज्यातले पाच जिल्हे निवडले : पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा. आपला खंडाळा तेव्हा या उत्तर साताऱ्यात मोडे. दक्षिण सातारा म्हणजे आजचा सांगली जिल्हा. या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे असे वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, गावचे प्रश्न असे विषय. मंडळींनी एकत्र बसून ऐकावयाचे, ऐकून झाले की आपसात चर्चा करावयाची, आणि शंका व निर्णय लिहून केंद्राकडे धाडावयाचे. पुढच्या कार्यक्रमांतून त्या शंकांची उत्तरे मिळत. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचा या कामाला पाठिंबा होता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने आणि पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने त्याची पाहणी केली. ज्या गावांत मंडळे होती त्यांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी केली, आणि मंडळांच्या गावांत माहितीची भर ठळकपणे जास्त पडल्याचे आढळले. त्या यशावरून १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अगदी साधी आहे. वीस-एक माणसांना एकाच संचातून येणारा प्रत्येक शब्द कळावा लागे. नाही तर चर्चा कशावर करणार? म्हणून संच कोठे ठेवावा, माणसे कशी बसवावीत, हा प्रश्न कार्यक्रमाइतकाच महत्त्वाचा होता. नुसता आवाज मोठा करून भागत नाही. माणसे संचाभोवती कोंडाळे करून बसली की शब्द लागतात. लांब ओळीत बसली की शेवटचा मनुष्य नुसती मान हलवितो.

त्या जुन्या रेडिओच्या पाठीमागे पुष्कळदा दोन भोके असत. ती ग्रामोफोनसाठी. तबकडीवरची सुई जो दुबळा आवाज उचली तो तारेने रेडिओत घालावयाचा आणि रेडिओच्या दणकट स्पीकरमधून ऐकावयाचा. एका यंत्राचा आवाज दुसऱ्या यंत्राच्या तोंडून वदविण्याची युक्ती ती हीच. आज टीव्हीच्या मागे लाल आणि पांढऱ्या टोप्यांची जी पिन आपण खुपसतो, ती या ग्रामोफोनच्या जोडणीसाठीच १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या आर.सी.ए. कंपनीने काढली आणि तिच्या नावानेच आजही ओळखली जाते. मोबाइलला कानातले लावतो ती बारीक पिन तर याहून जुन्या घराण्यातली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाया एका भोकातून काढून दुसऱ्या भोकात खुपसत, त्या पिनेची ती नात.

मुंबईत टेलिव्हिजन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ते आकाशवाणीच्याच घरात जन्मले. दूरदर्शनने वेगळी चूल मांडली ती १९७६ साली. १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले, आणि नीरेच्या खोऱ्यात ज्या घरांना डोंगराची आड येत नव्हती त्यांनी घराच्या आढ्यावर अँटेना चढवून तिचे तोंड गडाकडे केले. ज्या गडावरून तोफांचे आवाज खोऱ्यात ऐकू यावेत, त्या गडावरून मुंबईच्या बातम्या येऊ लागल्या! आणि येथेही चित्राची लहर वेगळी, आवाजाची वेगळी. दोहोंत सेकंदाला ५५ लाख आवर्तनांचे अंतर राखलेले. म्हणून कधी चित्रावर मुंग्या येत पण बातम्या स्वच्छ ऐकू येत.

ही फारकत गैरसोयीचीच असते असे नव्हे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने देशातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या सांगलीला लागून असलेला विजापूर जिल्हा होता. तेथे एकाच चित्राबरोबर आकाशातून दोन आवाज उतरत, एक कानडी आणि दुसरा तेलुगू. कर्नाटकातला संच कानडी उचली, आंध्रातला तेलुगू. चित्र आणि आवाज एकजीव असते तर ही सोय झाली नसती.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी रंग आला, आणि जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' मालिका सुरू झाली. त्या रविवारच्या सकाळी तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. एका संचापुढे सगळी आळी, घरात मावेनात म्हणून ओसरीवर, ओसरीवर मावेनात म्हणून अंगणात. वेस्टन, क्राऊन, डायनोरा अशा कंपन्यांचे ते लाकडी पेटीचे संच. काहींना सरकती झापडे, आणि स्पीकर मात्र समोर, माणसांकडे तोंड केलेला. तो तिघा-चौघांच्या घरासाठी पुरे. अंगणासाठी तो कसा पुरणार? मग गावचा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर संच उघडून त्याच्या स्पीकरची तार बाहेर काढी आणि लग्नातल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडी.

त्या कारागिराच्या हिकमतीचे कौतुक करताना येथे एक इशारा मात्र द्यावा लागेल. त्या काळच्या कित्येक संचांत आतला पत्र्याचा सांगाडा थेट घरातल्या विजेला लागलेला असे. तेथून काढलेली तार म्हणजे २३० व्होल्टचा साप. अडगळीतला जुना पेटीवजा संच कोणाकडे असेल तर त्याच्या पोटातून तार काढण्याच्या भानगडीत पडू नये. व्हिडिओ आले तेव्हा संचांना बाहेरून आवाज घेण्या-देण्याची वेगळी, विजेपासून तोडलेली भोके बसू लागली. आजच्या संचाचे झाकण उघडण्याचे काहीच कारण नाही. लागते ते सर्व पाठीवर किंवा बाजूला बाहेरच असते.

तर तुमच्या संचाची पाठ पाहा. तेथे तीन प्रकारच्या जागा सापडण्याचा संभव आहे. पहिली म्हणजे कानातल्यांचे बारीक भोक किंवा लाल-पांढरी जोडी. लाल-पांढरी असेल तर तिच्यावर 'आउट' लिहिले आहे ना हे पाहून घ्या. 'इन'मधून आवाज बाहेर येत नाही, आत जातो. या वाटेने साधा, जुना, दोन स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायरही चालतो. दुसरी जागा म्हणजे एक चौकोनी खिडकी. तिचे झाकण ढकलले की आत तांबडा उजेड दिसतो. येथे आवाज विजेच्या रूपाने न येता प्रकाशाच्या लुकलुकीने येतो. तोशिबा कंपनीने १९८३ साली ही रीत काढली. बोलपटाच्या फितीवरचा आवाज दिव्याने वाचत, तो पन्नास वर्षांनी पुन्हा दिव्याकडे आला! हिची केबल प्लास्टिकच्या धाग्याची असते. तिला काटकोनात मोडू नका.

तिसरी जागा म्हणजे चपटे एचडीएमआय भोक. हे २००२ च्या अखेरीस निघाले. आरंभी त्यातून चित्र आणि आवाज जोडीने टीव्हीकडे जात असत, टीव्हीकडून परत काही येत नसे. २००९ साली त्यात परतीची वाट काढली, आणि तिचे नाव एआरसी. संचावरच्या दोन-तीन भोकांपैकी बहुधा एकाच भोकाला ही परतीची वाट असते आणि तेथे 'एआरसी' अशी अक्षरे छापलेली असतात. तार त्याच भोकात घालावी, दुसरे टोक अ‍ॅम्प्लिफायरच्याही 'एआरसी' लिहिलेल्या भोकात, आणि मग टीव्हीच्या 'साउंड' यादीत जाऊन आवाज बाहेरच्या स्पीकरला द्यावा. दहातल्या आठ तक्रारी या एका भोकाच्या निवडीतच संपाव्यात, असे मला वाटते.

यापुढे दोन अडचणी येतात. पहिली : गाणे ऐकू येते, पार्श्वसंगीत दणदणते, पण माणसांचे बोलणे बुडते. चित्रपटगृहांत १९९२ पासून आवाजाचे सहा प्रवाह करण्याची डॉल्बीची नवी रीत रूढ झाली. समोर डावा, मधला, उजवा, मागे दोन, आणि घुमणाऱ्या खालच्या सुरांसाठी एक. यात संवाद मुख्यतः मधल्या प्रवाहात असतो. टीव्ही सहा प्रवाह धाडतो आहे आणि तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही, किंवा तो आहे पण जोडलेला नाही, तर संवाद जाणार कोठे? अशा वेळी टीव्हीच्या आवाजाच्या यादीत 'पीसीएम' हा पर्याय निवडावा. मग सगळे दोन प्रवाहांत मिसळून येते आणि दोन स्पीकरवर भागते.

दुसरी अडचण जुनीच, त्या वीस चौकटींची. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. बिनतारी, म्हणजे ब्लूटूथच्या जोडणीत ती हमखास जाणवते, कारण आवाजाची पुडी बांधून, धाडून, सोडविण्यात सेकंदाचा दहावा-पाचवा भाग जातो. नीरेच्या पैलतीरावर कोणी लाकडे फोडीत असेल तर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते, ठोका मागून ऐकू येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, प्रकाशाची त्याला काय बरोबरी? या सवयीमुळेच मागून येणारा आवाज आपण थोडाफार खपवून घेतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मापानुसार आवाज १२५ सहस्रांश सेकंद मागे पडेपर्यंत फरक लक्षात येत नाही, पण तो ४५ सहस्रांश सेकंद पुढे गेला तरी लगेच खटकतो. कुऱ्हाड पडण्याआधी ठोका ऐकू आलेला कोणी पाहिला आहे? म्हणून शक्य तेथे तारच वापरा, आणि आवाज पुढे पळत असेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या यादीत त्याला मागे खेचण्याची सोय असते, ती शोधा.

आता शिक्षकांसाठी थोडे. २०१५ नंतर जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळांत लोकवर्गणीतून टीव्ही आले. २०२० साली शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवरच्या 'टिलीमिली'ने मुलांना घरी धडे दिले. शिरवळपासून लोणंदपर्यंत मुले त्यापुढे बसली. पण घरातली दोन मुले निराळी आणि वर्गातली चाळीस निराळी. त्यात वर पत्रा, फरशी उघडी, भिंती कोऱ्या. अशा खोलीत आवाज भिंतींवर आदळून परततो आणि पुढच्या शब्दावर पडतो. आवाज वाढविला की हा गोंधळही तितकाच वाढतो. बारीक आवाजात बोलणारा परंतु जवळ असलेला स्पीकर येथे मोठ्या कर्ण्याहून उपयोगी. दोन मध्यम स्पीकर संचाच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या मुलांच्या डोक्याहून हातभर उंच, थोडे आतल्या बाजूला वळवून ठेवा. खाली सतरंजी असू द्या. समोरच्या भिंतीवर कापडी नकाशे टांगले तर तेही आवाज शोषून घेतात. या सगळ्याला फारसा पैसा लागत नाही.

आपल्याच तालुक्यातले नायगाव हे सावित्रीबाईंचे गाव. दरवर्षी ३ जानेवारीला तेथील कार्यक्रम पाहायला मुलांना टीव्हीपुढे बसवणार असाल, तर आदल्या दिवशी जोडणी करून पाहा. कोणत्याही बातम्या लावा. एका मुलाला शेवटच्या बाकावर, संचाकडे पाठ करून बसवा, म्हणजे ओठ पाहून अंदाज बांधता येणार नाही. त्याला ऐकू येतील ते दहा शब्द पाटीवर लिहायला सांगा. चार-पाच चुकले तर आवाज वाढवू नका. स्पीकर दोन हात पुढे घ्या आणि पुन्हा लिहून घ्या.